तेरा दिवस तुम्ही कुठे होता?

बसा. आज राउंड अर्धा तास उशिरा सुरू होईल, सिस्टरांना मी तसं कळवलं आहे. फोन खिशात ठेवा. रजिस्ट्रारपासून परवा रुजू झालेल्या हाउसमनपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं आहे, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कुणी "पण सर" म्हणायचं नाही.

नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस तुम्हाला 'लेफ्ट हिमोथोरॅक्स' म्हणून माहीत आहे. वय ३४. घरोघर दूध घालतो. पहाटे चारला मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून निघाला आणि अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा होता, ना रिफ्लेक्टर. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या, छातीत रक्त साठलं. १०८ च्या गाडीनं तो आपल्याकडे आला तेव्हा धाप लागलेली, अंग घामानं थबथबलेलं. तुमच्यापैकी दोघांनी वीस मिनिटांत त्याला नळी घातली. ७०० मिलिलिटर रक्त निघालं, श्वास मोकळा झाला, नाडी खाली आली. ते काम चोख होतं. त्या पहाटे तुम्ही त्याचा जीव वाचवलात. हे आधी सांगतो, कारण यापुढे कौतुकाचा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

परवा, तेराव्या दिवशी, मी त्याची छाती उघडली. पाठीकडून पुढे वीस सेंटिमीटरचा छेद घेतला, आधीच मोडलेल्या बरगड्या फाकवल्या. आत पू होता. फुप्फुसावर जाड, चिवट कवच चढलेलं होतं. ते सोलून काढायला साडेतीन तास लागले. रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. आज तो आयसीयूत आहे, उद्या-परवा वॉर्डात परत येईल, बहुतेक बराही होईल. पण दुधाचे कॅन उचलायला त्याला किती महिने लागतील, ती जखम थंडीत किती वर्षं ठणकेल, हे मी सांगू शकत नाही. बरगड्या फाकवताना बरगडीखालची नस दुखावते आणि ते दुखणं पुष्कळांना जन्माचं चिकटतं. हाच माणूस चौथ्या दिवशी टेबलावर आला असता तर बोटभर रुंदीच्या दोन-तीन छिद्रांतून, तासाभरात, कॅमेऱ्यानं सगळी गुठळी धुऊन निघाली असती. आठवड्याभरात तो घरी गेला असता.

मधल्या दिवसांत काय झालं? मी केसपेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे. आता तुम्हाला तो वाचून दाखवतो.

दुसरा दिवस. छातीचा एक्स-रे. खाटेवर, पोर्टेबल मशीननं, आडवं झोपवून काढलेला. शेरा: 'लंग एक्स्पान्डेड, चेस्ट क्लिअर.' हा शेरा ज्यानं लिहिला त्यानं तो फोटो उजेडासमोर धरला होता का, हे मला विचारायचं आहे. माणूस उभा किंवा ताठ बसलेला असेल तर छातीच्या तळाचा कोपरा भरलेला दिसायला २०० ते ३०० मिलिलिटर रक्त पुरतं. आडव्या माणसात तेच रक्त पाठीकडे पसरतं आणि लिटरभर असलं तरी फोटोत फक्त एक पुसट झाक येते. डावी बाजू उजवीपेक्षा मळकट दिसते, एवढंच. तो मळकटपणा या फोटोत आहे. मी काल पाहिला, तुम्हालाही दिसला असता. बसवून फोटो काढता येत नसेल तर सोनोग्राफीचा प्रोब लावायचा होता. कॅज्युअल्टीत ई-फास्ट करताना तो तुमच्याच हातात असतो, वॉर्डात आल्यावर त्याला कुलूप लागत नाही. एका बाजूच्या छातीत अडीच-तीन लिटर रक्त मावतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातलं निम्म्याहून अधिक रक्त. इतकी मोठी पोकळी एका अंधूक फोटोवर 'क्लिअर' म्हणून मोकळं होणं हा निष्काळजीपणा आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तिसरा दिवस. 'आयसीडी फंक्शनिंग.' चौथा दिवस. 'आयसीडी फंक्शनिंग.' अक्षर वेगळं, वाक्य तेच. नळी चालू आहे म्हणजे काय? श्वासाबरोबर बाटलीतल्या नळीत पाणी वरखाली होतं का? खोकायला लावल्यावर बुडबुडे येतात का? चोवीस तासांत किती आलं, कोणत्या रंगाचं आलं? सिस्टरांच्या चार्टवर तिसऱ्या दिवशी ६० मिलिलिटर आहेत आणि चौथ्या दिवशी १०. पाण्याची हालचाल 'नाही' असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे नळी गुठळीनं बुजली होती आणि हे वॉर्डात एका माणसाला कळलं होतं. तो माणूस तुमच्यातला नव्हता. नळीतून काही येत नाही याचे दोन अर्थ होतात: आत काही उरलं नाही, किंवा आत जे आहे ते बाहेर येऊ शकत नाही. तुम्ही सोयीचा अर्थ धरलात.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. एक्स-रेला नेताना या माणसाच्या नळीला चिमटा लावला होता, असं वॉर्डबॉय सांगतो. हवा गळत असताना नळी बंद केली तर छातीत हवेचा दाब चढतो आणि माणूस लिफ्टमध्येच दगावू शकतो. बाटली छातीच्या खाली धरा, नळी मोकळी ठेवा आणि सोबत स्वतः जा. पुन्हा असा चिमटा दिसला तर मी ज्याला बोलायचं त्याला तिथेच बोलेन, पेशंटसमोर.

पाचवा दिवस. फोटोत डावी बाजू पांढरी. तुम्ही काय केलंत? दुसरी नळी घातलीत. कशासाठी? घट्ट झालेलं दही तुम्ही चमच्यानं काढता की फुंकणीनं ओढता? रक्त छातीत सांडतं तेव्हा हृदय, फुप्फुस आणि श्वासपटल यांच्या सततच्या हालचालीनं ते घुसळलं जातं, म्हणून काही रक्त पातळ राहतं आणि नळीतून वाहून जातं. पण रक्तस्राव मोठा आणि जलद असेल तर त्याची गुठळी बनते. गुठळी बनली की ती २८ च्या नळीनं येत नाही, ३२ च्याही नाही, आणि दोन नळ्यांनीही नाही. हे तपासूनही झालं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या सर्जननी अशा ३९ रुग्णांचा अभ्यास छापला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले: काहींना दुसरी नळी, काहींना थेट कॅमेऱ्यानं शस्त्रक्रिया. दुसरी नळी घातलेल्या २४ जणांपैकी १० जणांना शेवटी टेबलावर घ्यावंच लागलं. कॅमेऱ्याच्या गटातल्या लोकांच्या नळ्या लवकर निघाल्या, ते घरी लवकर गेले आणि खर्चही कमी झाला. हा अभ्यास छापून आला तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्मले नव्हते. सेमिनारमध्ये तुम्ही तो पडद्यावर दाखवता, मी टाळ्या ऐकल्या आहेत. मग खाटेजवळ आल्यावर तो कुठे जातो?

सहावा, सातवा, आठवा दिवस. 'कंटिन्यू सेम.' 'सीटी टुमारो.' 'सीटी टुमारो.' नवव्या दिवशी ताप. अँटिबायोटिक बदललं, म्हणजे भारी केलं. अकराव्या दिवशी, अखेर, सीटी. त्यात दिसलं ते चौथ्या दिवसापासून तिथेच होतं, फक्त तोवर त्यात पू झाला होता.

हा 'उद्या' काय करतो ते नीट समजून घ्या, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. साठलेलं रक्त म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेलं ताट. आणि त्यात बाहेरून शिरणारी नळी आपणच ठेवलेली असते. पहिले काही दिवस गुठळी जेलीसारखी असते, सक्शनच्या टोकानं आणि कोमट सलाइनच्या पिचकारीनं सुटते. सात-दहा दिवसांत तिच्यात तंतू धरतात, कप्पे पडतात, ती फुप्फुसाला आणि बरगड्यांना चिकटते. पुढे त्या तंतूंची साल बनते, सालीचं कवच बनतं आणि आतलं फुप्फुस मुठीत धरल्यासारखं आवळलं जातं. म्हणून जगभरचे ट्रॉमा सर्जन सांगतात की नळी घालूनही छातीत रक्त राहिलं तर तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत कॅमेऱ्यानं ते काढा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या २० ट्रॉमा केंद्रांनी मिळून असे ३२८ रुग्ण मांडले. त्यांच्यात चौघांमागे एकाहून जास्त जणांच्या छातीत पू झाला. तिथे, त्यांच्या सगळ्या सोयींसह, हा हिशोब आहे. आपल्या वॉर्डात, जिथे एका खाटेच्या खाली दुसरी गादी असते, तिथे तुम्ही कोणत्या भरवशावर तेरा दिवस काढलेत?

छेद किती लांब घ्यायचा हे टेबलावर ठरतं असं तुम्हाला वाटतं. ते वॉर्डात ठरतं. तुमच्या प्रत्येक 'टुमारो'नं तो छेद दोन-दोन सेंटिमीटरनं वाढवला आहे.

आता सबबींकडे येतो. काल संध्याकाळी मला तीन सांगण्यात आल्या.

पहिली: "सर, आपल्याकडे व्हॅट्सचा वेगळा सेट नाही." व्हॅट्स म्हणजे हीच छातीतली कॅमेऱ्याची शस्त्रक्रिया. आपल्या ओटीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी पित्ताशयाची दुर्बिणीची ऑपरेशनं होतात. तोच कॅमेरा, तोच पडदा, तीच तीस अंशांची दुर्बीण छातीत चालते. पोटात गॅस भरून तो कोंडून ठेवावा लागतो, म्हणून खास झडपांचे पोर्ट लागतात. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, गॅस लागत नाही. फुप्फुस थोडं बसवलं की जागा होते. त्यामुळे छिद्रातून साधा स्पंज होल्डरही आत जातो, नेहमीचं सक्शनही जातं. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदा, सरकारी रुग्णालयात, गरीब माणसांवर. त्यांनी सोय नाही म्हणून वाट पाहिली असती तर आज तुमच्या ओटीत ती दुर्बीण नसती.

आणि मागे जा. १९१० साली स्टॉकहोममध्ये याकोबेउस नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण छातीत घालून पाहिली. ते सर्जन नव्हते, फिजिशियन होते. दिवा मिणमिणता, पडदा नाही, नळीला डोळा लावून बघायचं. क्षयरोग्यांच्या छातीतले चिकटलेले पापुद्रे ते तशा नळीतून मोकळे करत. १९४६ मध्ये ब्राझीलच्या ब्रँको यांनी छातीत शस्त्र घुसलेल्या रुग्णांत अशीच नळी घालून पाहिलं आणि छाती न उघडता काहींचा निर्णय केला. ही माणसं अंधारात चाचपडत होती तरी ती आत डोकावली. तुमच्यासमोर फुप्फुसाची रेघन्‌रेघ दाखवणारा पडदा आहे आणि तुम्ही आत पाहायला अकरा दिवस लावलेत.

दुसरी सबब: "भूलतज्ज्ञ म्हणाले, डबल ल्यूमेन ट्यूब नाही." मी भूलतज्ज्ञांना विचारलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन फुप्फुसं वेगळी चालवणारी नळी असेल तर उत्तमच. नसेल तर ब्लॉकर घालता येतो. तोही नसेल तर साध्या नळीवर, कमी हवा देत, गरजेपुरता श्वास थांबवत गुठळी काढता येते. मी काढली आहे, त्यांनी ती भूल दिली आहे. त्यांच्या नावावर आपला आळस खपवू नका. त्यांना फोन न करता त्यांचं उत्तर सांगणं याला खोटं बोलणं म्हणतात.

तिसरी: "पेशंट स्टेबल होता, म्हणून घाई केली नाही." हे ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. पेशंट स्टेबल असणं हीच तर या शस्त्रक्रियेची अट आहे! तो स्टेबल असतानाच करायची असते ती. तो बिघडेपर्यंत थांबायचं आणि बिघडल्यावर म्हणायचं की आता कॅमेऱ्यानं जमणार नाही, हे म्हणजे पेरणीचा वाफसा घालवून मग पावसाला बोल लावणं.

एवढं ऐकल्यावर तुमच्यातले काही जण उद्यापासून दिसेल त्या छातीत कॅमेरा घालायला निघतील. त्यांनाही आताच थांबवतो. गेल्या महिन्यात चाकूचा वार झालेला मुलगा आला. रक्तदाब ७०, नळी घालताच दीड लिटर रक्त आलं आणि धार थांबेना. तेव्हा तुमच्यातल्या एकानं मला विचारलं, "सर, आधी स्कोप घालून बघायचं का?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही. नळी घालताक्षणी १५०० मिलिलिटर आलं, किंवा तासाला २०० प्रमाणे दोन-चार तास येतच राहिलं, की छाती उघडायची. हृदयाला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा वाटते? छाती उघडायची. माणूस शॉकमध्ये आहे? त्याला कुशीवर वळवून एक फुप्फुस बंद करणं म्हणजे त्याला ढकलून देणं. ज्याचं एका फुप्फुसावर भागणार नाही त्याला हा मार्ग बंद. त्या मुलाची छाती आपण मोठ्या छेदानं उघडली, म्हणून तो जगला. लहान छिद्राची हौस जिवावर बेतू द्यायची नाही. आणि कॅमेरा घातल्यावर रक्त आवरेना, काही दिसेना, तर छेद वाढवायचा. त्यात कमीपणा कसला? मला कमीपणा त्या सर्जनचा वाटतो जो पडद्याकडे बघत राहतो आणि मॉनिटरकडे बघायचं विसरतो.

आपल्या देशात आणखी एक खबरदारी लागते. इथे पुष्कळ माणसांना कधीतरी क्षय होऊन गेलेला असतो. त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. त्यांचं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं. तिथे ट्रोकार आंधळेपणानं खुपसलात तर तो थेट फुप्फुसात जाईल. आधी बोट घाला, चारही बाजूंनी फिरवा, पोकळी आहे याची खात्री करा, मग दुर्बीण. जुन्या नळीच्या जखमेतूनच पहिला प्रवेश घेता येतो का ते बघा. गुठळी काढल्यावर घाईनं बंद करू नका. श्वासपटलाच्या मागच्या खोबणीत रक्त दडून बसतं, तिथे दुर्बीण वळवा. भूलतज्ज्ञांना फुप्फुस फुगवायला सांगा आणि ते कोपऱ्यापर्यंत भरतं का हे डोळ्यांनी पाहा. नळी कुठे बसली तेही डोळ्यांनी पाहा. कॅमेरा त्यासाठीच आहे.

आता श्वासपटल. डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या पातळीखाली आणि शेवटच्या बरगडीच्या वर वार झाला असेल, तर तो छातीचा आहे की पोटाचा, हे बाहेरून सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. श्वास सोडताना पटल पुढच्या बाजूला चौथ्या बरगडीखालच्या जागेपर्यंत चढतं. तिथला वार दोन्ही पोकळ्यांत जातो. पटलाचं छोटं भोक सीटीत निसटतं. उजवीकडे यकृत खाली झाकण घालून बसलेलं असतं. डावीकडे तसं काही नाही. दर श्वासागणिक छाती पोटाला वर ओढते आणि त्या भोकातून आधी चरबी, मग आतडं किंवा जठर छातीत सरकतं. कधी महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी ते अडकतं, पिळतं, सडतं. तेव्हा तो माणूस पोटदुखी म्हणून येतो आणि जुन्या वाराचा व्रण कुणी विचारतही नाही. अशा स्थिर रुग्णाच्या छातीतून किंवा पोटातून दुर्बीण घालून पटल पाहणं आणि भोक असेल तर तिथेच शिवणं, हे आपलं काम आहे. 'ओपीडीत दाखवा' लिहून त्याला घरी पाठवणं हे काम नाही. गेल्या वर्षभरातल्या डाव्या बाजूच्या अशा जखमांची यादी मी मागवली आहे. ज्यांचं पटल पाहिलं गेलं नाही त्यांना आपण परत बोलावणार आहोत. फोन तुम्ही करायचे आहेत.

आणि वेदना. नऊ नंबरच्या पाच बरगड्या मोडलेल्या होत्या आणि त्याला पहिले सहा दिवस काय दिलं होतं? दिवसातून दोनदा इंजेक्शन, तेही 'दुखल्यास'. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो, फुप्फुसाचा तळ बसतो, न्यूमोनिया धरतो. बसलेलं फुप्फुस पोकळी भरून काढत नाही आणि रिकाम्या पोकळीत रक्त व पू आरामात राहतात. एपिड्युरल देता आलं असतं, नसांना ब्लॉक देता आला असता. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र त्याच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होतं. मी ते परवा उघडलं. ते कसं ओढायचं हे तेरा दिवसांत कुणी त्याला दाखवलं नव्हतं. कॅमेऱ्यानं काय होईल ते नंतर बघू. ज्या डॉक्टरला पेशंटला दहा वेळा खोल श्वास घ्यायला लावता येत नाही, त्यानं छातीच्या शस्त्रक्रियेचं नाव काढू नये.

युनिट माझं आहे, म्हणून या सगळ्याचा पहिला दोष माझा. सहाव्या ते नवव्या दिवशी मी परगावी होतो आणि निघताना या खाटेबद्दल मी नीट विचारलं नाही. 'स्टेबल' हा शब्द ऐकला आणि निघालो. ते मी माझ्या खात्यात लिहून ठेवलं आहे. पण माझा दोष आहे म्हणून तुमचा पुसला जात नाही. खाटेजवळ रोज तुम्ही होता.

हे एका माणसाचं दुर्दैव म्हणून सोडून द्यावं असं कुणाच्या मनात असेल तर आकडा ऐका. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,००० हून अधिक आपल्या महाराष्ट्रातली. जखमी झालेले याहून कितीतरी जास्त. छातीला मार लागलेले जे जिवंत पोहोचतात, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांना साधी नळी, वेदनेचा उपाय आणि नीट लक्ष एवढंच पुरतं. उरलेल्यांतले काही छाती उघडण्याचे, काही कॅमेऱ्याचे. कोण कुठल्या वाटेनं जाणार हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. रोज खाटेजवळ थांबणारा, बाटली बघणारा, काल काय होतं ते आठवणारा डॉक्टर लागतो. तो या युनिटात तेरा दिवस नव्हता.

म्हणून आजपासून असं होईल. छातीत नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्या पानावर लाल शाईनं नळीची तारीख आणि वेळ. 'फंक्शनिंग' हा शब्द बंद; त्याऐवजी किती आलं, कसं आलं, पाणी हलतं का, हवा येते का, हे चार मुद्दे, लिहिणाऱ्याच्या सहीसह. बसता येणाऱ्याचा फोटो बसवूनच. तिसऱ्या दिवशी फोटोत सावली असेल तर त्याच दिवशी सीटी, आणि सीटीत ३०० मिलिलिटरच्या वर रक्त दिसलं तर त्या संध्याकाळी मला फोन, मी कुठेही असलो तरी. सातव्या दिवसाच्या आत टेबल. ओटीची यादी भरलेली असेल तर माझी एक हर्नियाची केस खाली काढा. हर्निया पुढच्या आठवड्यात होईल, गुठळी थांबणार नाही. दुसऱ्या नळीचा विचार आला तर ती घालण्याआधी मला कारण सांगायचं. आणि सिस्टरांनी चार्टवर लिहिलेलं रोज वाचायचं. त्यांना जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही, याची लाज बाळगा.

शेवटचं. परवा ओटीतून बाहेर आलो तेव्हा त्या माणसाची बायको दाराशी उभी होती. हातात मोसंबीची पिशवी. तिनं मला विचारलं, "साहेब, एवढं मोठं आपरेशन का लागलं? पहिल्या दिवशी तर डॉक्टर म्हणाले, नळीनं निभावलं." तेरा दिवसांत तिच्याशी कुणी पाच मिनिटं बसून बोललं नव्हतं. एका कोऱ्या फॉर्मवर तिचा अंगठा मात्र घेतला होता. मी तिला म्हटलं, "ज्या डॉक्टरांनी तुमच्या माणसाला पाहिलं, ते येऊन सांगतील."

तेव्हा आता उठा. राउंड आयसीयूपासून सुरू होईल, आधी नऊ नंबर. त्याला आणि त्याच्या बायकोला काय झालं ते तुम्ही सांगायचं, मी शेजारी उभा राहीन. इन्फेक्शन झालं म्हणून छाती उघडावी लागली, असं म्हणायचं नाही. आम्ही उशीर केला म्हणून उघडावी लागली, असं सांगायचं.